मनीच्या कानावरची हळद

वहिनी, मनी जेवत नाही.

शिवाचे, म्हणजे तुझ्या सुतकाचे, सात दिवस घर भरलेलं होतं. माणसं यायची, आमच्याबरोबर खाली गादीवर बसायची, कुणी उकडलेल्या अंड्याचा तुकडा तिच्यापुढे टाकायचं. ती हुंगायची, थोडं चाटायची. मग माणसं गेली. माझ्या बायकोने, एस्तेरने, आरशांवरच्या चादरी काढल्या, मी गाद्या वर ठेवल्या. परवा सकाळपासून मनीने बशीकडे पाहिलेलं नाही. तुझ्या खिडकीत, तू तिच्यासाठी उशी टाकायचीस तिथे, भिंतीकडे तोंड करून बसली आहे.

मी तिचं वजन केलं. करणारच. तुला इस्पितळात नेलं तेव्हा चार किलो नऊशे होती, आज चार किलो सहाशे आहे. तीनशे ग्रॅम ऐकायला काही नाही, पण तेवढ्या जिवाच्या अंगावरून तीनशे ग्रॅम जाणं म्हणजे माझ्या अंगावरून चार-पाच किलो जाणं. मांजराने दोन दिवस खाल्लं नाही तर पुढे काय येऊ शकतं, हे या घरात तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून आज सकाळी ऊन खिडकीत आलं तसा मी तिचा कान उलटा करून पाहिला. वरचा ओठ उचलून हिरडी पाहिली. मग डोळ्याची पापणी वर करून पांढरं पाहिलं. तू शिकवलेल्या क्रमाने. अजून तरी सगळं जागच्या रंगाचं आहे. अजून.

आपल्या मराठी मासिकाने तुझ्यावर चार पानं मागितली आहेत. जन्म कुठला, लग्न कधी झालं, कोकण सोडून या देशात कोणत्या साली आलीस, हे त्यांना हवं असेल. ते थडग्याच्या दगडावर कोरायला दिलं आहे, तिथे वाचतील. मला एका रंगाबद्दल बोलायचं आहे. आपलं भांडणही तिथेच राहिलं आहे.

तू दादाची बायको होऊन आलीस तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, म्हणून तुला कधी अहोजाहो केलं नाही. तुला मूल झालं नाही, आणि कुणी त्यावर हळहळलं की तू माझ्याकडे बोट दाखवायचीस, "हा काय, दात पडल्यावर मिळाला." दादा गेला आणि तू अश्केलोनला आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहायला आलीस. मांजर आणलं माझ्या लेकीने, मीखलने. पांढरंशुभ्र पिल्लू. तिने नाव ठेवलं शेलेग, म्हणजे बर्फ.

"अश्केलोनात कसला बर्फ?" तू म्हणालीस. "मनी म्हणा. मांजराचं नाव मनीच असतं."

"दोदा, सगळ्या मांजरांचं?" तुला काकूऐवजी दोदा म्हणणाऱ्या मीखलने हिब्रूत विचारलं.

"सगळ्या मांजरांचं. येतं ना बोलावल्यावर? मग झालं."

आणि ती आलीही तुझ्याकडेच. मीखलच्या हाताला ओरबाडे, मला दात, एस्तेरला फिस्कारणं, तुला मात्र पोट उघडं. तू मसाला वाटता वाटता, रस्सा ढवळता ढवळता हात खाली घालून तिच्या कानामागे खाजवायचीस. तुझ्या बोटांची हळद तिच्या कानांवर उतरायची. पांढऱ्या मांजराचे कान कायम पिवळट. येणारेजाणारे विचारायचे, ही जातच अशी आहे का? आम्ही हसायचो. "हिची मेंदी झाली, हळद झाली, आता नवरा शोधा," असं एस्तेर म्हणायची.

त्या थट्टेनेच आमचे डोळे बांधले.

तो वसंत मला नीट आठवतो, कारण त्या वर्षी तू पेसाहची तयारी फार लवकर काढलीस. तुझ्या माहेरच्या म्हाताऱ्या त्या सणाला अनाशी ढाकायचा सण म्हणायच्या. अनाशी, म्हणजे आंबवणाचं मडकं, झाकून ठेवायचं, घराला चुना, भांड्यांना कल्हई. इथे चुना नव्हता आणि कल्हईवालाही नव्हता, पण तुझा कडकपणा कोकणातून जसाच्या तसा आला होता. साफ झालेल्या खोलीत गव्हाचा कण परत शिरायचा नाही. मनीच्या कोरड्या खाण्याची थैली तू उचललीस आणि माझ्यापुढे धरलीस.

"वाच, काय लिहिलंय."

मी वाचलं. मका, कोंबडी, गहू.

"गहू ना? मग बाहेर."

"वहिनी, सण यायला अजून आठवडा आहे. आणि जनावराला काय खामेत्स, काय गव्हाचा विटाळ?"

"जनावराला नसेल. माझ्या घराला आहे."

थैली बाहेर गेली. तू मनीला भात कालवून ठेवलास, वर उकडलेला मासा. आपण सणात भात खाणारे, त्यामुळे तुझ्या दृष्टीने मांजराची चैनच होती. पण मनी पिल्लू असल्यापासून त्या गोळ्यांवर वाढलेली. तिने भाताला नाक लावलं आणि ती निघून गेली. संध्याकाळी तेच, दुसऱ्या दिवशीही तेच.

"भूक लागली की खाईल," तू म्हणालीस. "कोकणात मांजरांना कोण वाढतं?"

कोकणातली मांजरं सडपातळ होती, वहिनी. मनी सहा किलो चारशे होती. जाडं मांजर आहे, चार दिवस उपाशी राहिलं तर काय बिघडतं, उलट बरंच, असं मलाही वाटलं. जाड मांजरालाच उपास जास्त घातक असतो, हे तेव्हा आपल्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. सेदेरच्या, म्हणजे सणाच्या पहिल्या, रात्री एकवीस माणसं जेवायला होती, आणि मांजर कुठे आहे हे कुणी विचारलं नाही.

सण अर्ध्यावर आला तेव्हा ती तुझ्या न्हाणीघराच्या फरशीवर पडून राहायला लागली. मी काटा खाली आणला. तिला कडेवर घेऊन उभा राहिलो, मग खाली ठेवून एकटा उभा राहिलो, वजाबाकी केली. पाच किलो शंभर. मी पुन्हा केली. कारखान्यात ट्रकच्या काट्यावर माझा जन्म गेला. आकडा दोनदा तोच आला की मी त्याच्याशी भांडत नाही.

मीखल शेजारी बसली होती. मनीने जांभई दिली.

"आबा, मा झे?" ती म्हणाली, म्हणजे बाबा, हे काय? "हिच्या तोंडात काय आहे? आतून पिवळी आहे."

"हळद असेल," मी म्हणालो.

"हळद असेल," तूही स्वयंपाकघरातून म्हणालीस.

"तोंडाच्या आत?" मीखलने विचारलं. आपल्यापैकी उठलं कुणीच नाही. दुसऱ्या दिवशी मनीने फरशीवर लघवी केली आणि ती घट्ट चहासारखी होती. तेव्हा उठलो.

आपण गाठलेली जनावरांची डॉक्टरीण रशियातून येऊन फार वर्षं झाली नव्हती. तिचं हिब्रू हळू आणि जड, माझं कारखान्यातलं, आणि तुला दोन्ही नकोत. तू मनीला टॉवेलात गुंडाळून छातीशी धरून उभी होतीस.

"कान कशाने रंगवलेत?" तिने विचारलं. मी तुला मराठीत सांगितलं.

"सांग तिला, हळद आहे. आमच्याकडे सगळंच पिवळं असतं. तुझी बनियनसुद्धा."

ती हसली नाही. तिने कापूस पाण्यात बुडवला, कानामागची केसाळ जागा पुसली आणि कापूस आपल्याला दाखवला. तो पिवळा झाला होता. "ही तुमची हळद." मग दुसरा बोळा घेतला, कान उलटा करून आतली उघडी कातडी पुसली. जोरात, दोनदा. कापूस पांढराच राहिला. कातडी मात्र पिवळी होती, पिकल्या लिंबासारखी. तिने ओठ वर केला, हिरडी पिवळी. पापणी वर केली, डोळ्याचं पांढरं पिवळं.

"आणि ही हळद नाही," ती म्हणाली. "ही पुसून जात नाही. त्साहेवेत."

तो शब्द मला भाषांतर करून सांगावा लागला. मी म्हणालो, "कावीळ."

तुझा चेहरा मी तेव्हा पाहिला आणि मला वाटलं तू पडणार. मांजरासाठी इतकं? असं माझ्या मनात आलं. मला काही ठाऊक नव्हतं.

ती जे बोलली ते मी लक्षात ठेवलं, कारण आकड्यांसारखं सरळ बोलली. कावीळ हा स्वतः रोग नव्हे, आत कुठेतरी बिघाड झाल्याची ती खूण आहे. यकृतात असेल, पित्ताच्या वाटेत असेल, नाही तर रक्तच फुटत असेल. कुत्र्याला गोचिडीच्या तापाने होते, उंदरांनी घाण केलेल्या पाण्याने होते. जनावर पिवळं दिसलं की घरी बसून बघायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. आणि या मांजराचं म्हणाल तर हे उपाशी आहे. जाडं मांजर खायचं थांबलं की अंगातली चरबी यकृतात धावते, यकृत तुंबतं, मग भूकच मरते. भूक मेली की आणखी चरबी धावते. औषध एकच, अन्न. सुई नसलेल्या सिरिंजने, तोंडाच्या कडेने, थोडं थोडं, दिवसातून अनेकदा. मासा, मांस, काहीही चालेल, पण पोटात गेलं पाहिजे. नाही गेलं तर आठवडाही काढणार नाही.

"हिला हात कोण लावू शकतं?" तिने विचारलं.

मी तुझ्याकडे बोट केलं.

घरी आल्यावर तू दार लावून घेतलंस. मला वाटलं मासा उकडते आहेस. संध्याकाळी खाली आलो तर शेगडीवर पेज होती. तांदळाची, पाण्यासारखी, मीठसुद्धा नाही. तू बोटाने थेंब थेंब मनीच्या जिभेवर सोडत होतीस.

"वहिनी, हे काय? ती मासा म्हणाली."

"काविळीला मासा देत नाहीत."

"माणसांच्या काविळीला. ही मांजर आहे."

"कावीळ ती कावीळ. तेल नाही, मासा नाही, हळद नाही. पेज."

दुसऱ्या सकाळी पाच किलो. त्याच्या पुढच्या सकाळी चार किलो नऊशे. मनीची मान आता टॉवेलावर टेकलेली असायची, आणि उन्हात तिचे कान आरपार पिवळे दिसायचे. मी आवाज चढवला. तुझ्यावर मी आयुष्यात दोनदा आवाज चढवला असेल, त्यातली ती एक वेळ.

"काटा खोटं बोलत नाही. तू तिला मारते आहेस."

"मेल्या, तुझा काटा गाढव आहे!" तू ओरडलीस. "त्याला काय ठाऊक? मी बघितलंय काविळीला मासा दिला की काय होतं. मी दिलाय."

मग तू सांगितलंस. शेगडीकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून.

तू नऊ वर्षांची, तुझा धाकटा भाऊ बेन्या पाच. रेवदंड्याकडचं तुझं माहेर. बेन्याला कावीळ झाली, त्याच्या गळ्यात वैदूने मुळ्यांच्या तुकड्यांची माळ घातली. माळ वाढत वाढत खाली येईल, पोटाखाली गेली की कावीळ उतरली, असं तो म्हणाला. माळ वाढत होती. छातीपर्यंत आली, पोटापर्यंत आली, आणि घरात सगळे खूश होते. आई त्याला पेजेशिवाय काही देत नव्हती. शुक्रवार होता, शब्बाथची, शनिवारच्या विसाव्याची, तयारी चालली होती, आई बोय मासा तळत होती. बेन्या आतल्या खोलीतून वास घेत होता आणि रडतसुद्धा नव्हता, नुसतं म्हणत होता, "नऊमी, एक. नऊमी, एकच." तू परकरात लपवून एक तुकडा नेलास.

"त्याने खाल्ला. सकाळी नव्हता तो."

मी विचारलं, "आईला सांगितलंस?"

"नाही. कुणालाच नाही. तुझ्या दादालासुद्धा नाही. तुला सांगतेय, तेही तू काटा घेऊन छातीवर बसलास म्हणून."

पेजेला उकळी आली होती. तू गॅस बंद केलास आणि टॉवेलातल्या मांजराकडे वळलीस. मग जे म्हणालीस ते मी कधी विसरलो नाही.

"दिलं तर मरेल, नाही दिलं तर मरेल. मग उपाशी कशाला मरू दे? तो निदान खाऊन तरी गेला."

तू फ्रिजमधून मासा काढलास. तीच बोय, इथे तिला बूरी म्हणतात. वाफवलीस, काटे वेचलेस, दगडी खलात रगडून पाणी घालून पातळ केलीस, सिरिंजमध्ये ओढलीस. मनीच्या तोंडापाशी नेऊन थांबलीस.

"तू धर तिला, दानू."

"तुलाच धरू देते ती."

"तू धर. म्हणजे मेली तर दोघांनी मारली असं होईल."

मी धरली. तिच्यात मला चावायचीही ताकद उरली नव्हती, त्याचीच मला जास्त भीती वाटली. तू दाबलंस. तिने गिळलं. तू हिब्रूतली एक प्रार्थना पुटपुटलीस, ती मांजरासाठी नव्हती हे मला कळलं.

पुढचे कितीतरी आठवडे आपण तेच केलं. ओकायची, पुन्हा द्यायचं. डॉक्टरीणबाई सलाईन लावायची. सकाळी ऊन आलं की तू तिला खिडकीत न्यायचीस, कारण दिव्याच्या उजेडात पिवळं लपतं हे तू एव्हाना शिकली होतीस. आधी कान निवळला की हिरडी निवळली, यावर आपली पैज लागायची. एके सकाळी तू जिन्यातून हाक मारलीस, "दानू, काटा आण!" मी आणला. वजन शंभर ग्रॅमने वर. कानाचा आतला भाग मळकट गुलाबी. त्या दिवशी तिने बशीतून आपण होऊन चाटलं, आणि तू फरशीवर बसून पदराने तोंड झाकून घेतलंस.

मला वाटलं, संपलं. तुझं तिथून सुरू झालं.

"मनी जगली," तू म्हणालीस. "खाल्लं म्हणून जगली. मग बेन्या?"

"मांजर वेगळं, मूल वेगळं."

"ते मला समजतं. मी विचारतेय, मासा होता की नव्हता? आणि मासा नव्हता, तर मग पेज होती का? आईने त्याला पेजेवर ठेवलं म्हणून गेला का? कुणी मारला, मी की आईने?"

मी म्हणालो, मी डॉक्टर नाही. साठ वर्षांपूर्वीची गोष्ट, कुणी तपासलं नाही, मापलं नाही, मी कसं सांगू?

"तुला कधी नुसतं हो किंवा नाही म्हणता येतं का रे?"

नाही येत, वहिनी. जे काट्यावर चढत नाही त्याचा आकडा मी देत नाही. पण दरवर्षी पेसाहच्या आधी तू मनीच्या गोळ्या एकदम बाहेर न काढता आधी बिनगव्हाचे डबे आणायचीस, बोय तळायचीस आणि पाठ करून तोच प्रश्न विचारायचीस. दरवर्षी मी तेच उत्तर द्यायचो. एस्तेर म्हणायची, सेदेरला दरवर्षी वाचतात त्या पोथीसारखी तुमची ही हागादा कधी संपायची?

त्यानंतर तुझी नजर बदलली, आणि इमारतीतली माणसं तिला भ्यायला लागली. तुला जिन्यात कुणीही भेटलं तरी तू आधी डोळ्यांचं पांढरं बघायचीस. तळमजल्यावरच्या बाईचा काळा कुत्रा एकदा पायरीवर बसला होता. तू वाकून त्याची पापणी वर केलीस.

"पिवळा आहे," तू मला म्हणालीस. "हिला सांग, आजच्या आज घेऊन जा."

मी सांगितलं. ती हसली. "याच्या हिरड्या काळ्या आहेत, कान काळे आहेत, तुम्हाला पिवळं दिसलं कुठे?"

"डोळ्यात," तू मराठीतच म्हणालीस आणि स्वतःच्या डोळ्याला बोट लावून दाखवलंस. "काळ्या जनावराचं डोळ्यातच दिसतं."

तिने उन्हाचा त्रास आहे म्हणून आणखी काही दिवस काढले. गोचिडीचा ताप होता. कुत्रा गेला. त्यानंतर ती बाई तुला बघितलं की नजर खाली घालायची, आणि मला कळेना की तिला शरम वाटते की भीती. मलाही थोडी वाटायची. दर शब्बाथला मेणबत्त्या लावण्यापूर्वी तू आरशात आपले डोळे बघतेस, हे एस्तेरने मला सांगितलं होतं. तू वाट बघत होतीस असं मला तेव्हा वाटायचं. आता खात्री आहे.

या हिवाळ्यात एका दुपारी तू मला खाली बोलावलंस. खिडकीत ऊन होतं, मनी तुझ्या मांडीवर.

"इकडे ये. उजेडात ये. बघ."

मी बघितलं. तुझ्या डोळ्यांचं पांढरं मला दिसलं, आणि मी, या सगळ्यातून गेलेला माणूस, म्हणालो, "हळद असेल."

तू हसलीस. वाटीतला कापूस उचललास. तो तू आधीच भिजवून ठेवला होतास. कपाळावरून ओढलास, गळ्यावरून ओढलास आणि माझ्यापुढे धरलास. पांढरा.

"आता बोल."

पित्ताच्या वाटेत गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून फार वाढेपर्यंत गप्प राहिली. डॉक्टरांनी नंतर विचारलं, इतक्या लवकर पिवळेपणा कुणाला दिसला? मी म्हणालो, वहिनीलाच. तिला मांजराने शिकवलं. डॉक्टरांना वाटलं मी दुःखाने काहीतरी बोलतो आहे. लवकर दिसूनही उपयोग झाला नाही, हे मात्र मला तुझ्यासमोर मान्य करावंसं वाटत नाही. मनीच्या वेळी झाला होता.

इस्पितळात तू खायचं सोडलंस. ट्रे जसा यायचा तसा जायचा. मी घरून बोय तळून आणली, फॉइलमध्ये, अजून गरम. खोलीभर वास झाला. शेजारच्या खाटेवरची बाई कूस बदलून बघायला लागली. तू एक तुकडा तोंडात घेतलास आणि डोळे मिटलेस. मला वाटलं, आता प्रश्न येणार.

"बेन्याने कसा खाल्ला ठाऊक आहे?" तू म्हणालीस. "आधी वरची कुरकुरीत पापडी सोलून खाल्ली. मग आतला मासा. मग काटा चोखला. मग माझी बोटं चोखली, दानू, तेलाची. आणि हसला. दात पडलेले होते त्याचे पुढचे."

हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. इतक्या वर्षांत ती गोष्ट नेहमी परकरात लपवलेल्या तुकड्यापाशी सुरू व्हायची आणि सकाळी संपायची. मधला भाग, तो जेवला तो भाग, पहिल्यांदा आला.

त्याच दिवशी सकाळी मी तुझ्या डॉक्टरांना वऱ्हांड्यात गाठून तो प्रश्न विचारला होता. पूर्ण, कोकणातल्या खोलीपासून. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, इतक्या लांबून निदान करता येत नाही, पण एक सांगू शकतो. माशाच्या एका तुकड्याने काविळीचं मूल मरत नाही. काही दिवस पेजेवर ठेवल्यानेही मरत नाही. काविळीतलं मूल असं गेलं असेल तर यकृतच संपत आलं होतं, आणि त्या काळात, त्या गावात, कुणी काही केलं असतं तरी ते थांबलं नसतं.

ते उत्तर खिशात घेऊन मी तुझ्या खाटेपाशी आलो होतो. पण तू बेन्याचे पडलेले दात सांगत होतीस. तुझ्या पिवळ्या चेहऱ्यावर हसू होतं. तिथे मी पुन्हा ती फिर्याद उघडली नाही. उद्या सांगू, असं ठरवलं. उद्या तू शुद्धीवर नव्हतीस.

म्हणून आता सांगतो. नुसतं, तुला हवं होतं तसं. नाही, वहिनी. मासा नव्हता. पेजही नव्हती. तू नाही, आई नाही.

आज दुपारी मी बाजारातून बोय आणली. वाफवली, काटे वेचले, तुझ्याच खलात रगडली आणि मनीपुढे ठेवली. तिने हुंगलं आणि तोंड फिरवलं. मी बोटाने दिलं. तिने माझं बोट हुंगलं, तेही नको झालं. सिरिंज मी धुऊन तयार ठेवली होती, पण आता तिला धरायला दुसरं कोण होतं? मी खाली फरशीवर बसून राहिलो. मग उठलो, तुझ्या मिसळणाच्या डब्यातून चिमूटभर हळद घेतली, तेलाच्या थेंबात बोटांवर चोळली, आणि त्या बोटांनी मासा उचलून तिच्या नाकापाशी धरला.

ती बराच वेळ हुंगत राहिली. मग तिने चाटलं. मग बोटासकट खाल्लं, खरखरीत जिभेने, नखांच्या कडांपर्यंत. मी दुसऱ्या हाताने तिच्या कानामागे खाजवलं, त्या हातालाही हळद होती. बशी रिकामी झाल्यावर मी तिला उन्हात घेतलं आणि ओल्या कापसाने कान पुसला, मागून आणि आतून.

कापूस पिवळा झाला. कान गुलाबी निघाला.